पायाखालची मोटर आवरताना

पायमशीनवर वर्षानुवर्षं हात बसलेली बाई क्लच मोटरच्या मशीनवर पहिल्यांदा बसते, तेव्हा काय होणार हे ठरलेलंच असतं. पायडलवर पाऊल नुसतं टेकतं आणि मशीन ‘घर्रर्र’ करत कापड ओढून नेते. गळ्याची गोलाई सुटून टाका सरळ पलीकडे निघून जातो. दचकून पाय उचलला की मशीन गच्च थांबते. पुन्हा पाय टेकवावा तर पुन्हा तेच. वर्धा, हिंगणघाट, पुलगाव, आर्वी, कुठेही जा, नव्याने ‘जुकी’ घेतलेल्या बाईचा प्रश्न एकच असतो, “काऊन पळते हो भाऊ इतकी?” जुकी हे एका कंपनीचं नाव असलं, तरी आपल्याकडे टेबलात बसवलेल्या, खाली मोटर असलेल्या कुठल्याही हाय-स्पीड मशीनला जुकीच म्हणतात.

दुकानदाराचं उत्तरही ठरलेलं असतं: मोटर फास्ट आहे, सर्व्हो बसवून घ्या. त्यात खोटं काही नाही, पण ते अर्धंच उत्तर आहे. मोटर आहे तीच ठेवून मशीनचा वेग निम्म्यावर आणता येतो, आणि थोडी जास्त खटपट केली तर सहाव्या हिश्श्यावरही. त्यासाठी लागणाऱ्या वस्तू साध्या आहेत: एक लहान पुली, लोखंडाची एक पट्टी, पॉलिश पेपर आणि एक मोकळी दुपार. मात्र कामाचा क्रम चुकवायचा नाही. आधी क्लच साफ, मग पायडलची दांडी, मग पुली. एवढं करूनही काम भागलं नाही, तरच पुढचा खर्च.

ही मोटर अशी का आहे, ते आधी पाहू. ती घरासाठी बनलेलीच नाही. कारखान्यात एक कारागीर दिवसभर एकच शिवण घालतो, बाहीची बाजू नाहीतर पँटची मांडी. शिवण लांब, सरळ आणि मजुरी नगावर. तिथे मशीनने झटक्यात वेग घ्यावा आणि झटक्यात थांबावं, एवढीच अपेक्षा. विजेची मोटर दर शिवणीला बंद-चालू करायची तर वेग पकडायलाच वेळ जातो आणि वाइंडिंग तापतं. म्हणून मोटर सकाळी चालू केली की दिवसभर पूर्ण वेगाने फिरतच ठेवायची आणि पाय दाबला की फक्त तिचा वेग मशीनला जोडून द्यायचा, अशी ही रचना. मोठ्या युनिटांनी पाय दाबल्यावरच फिरणाऱ्या सर्व्हो मोटरी बसवायला सुरुवात केली, तशा या जुन्या मशिनी सेकंडहँड बाजारातून घराघरांत आणि बचत गटांच्या खोल्यांत आल्या. कारखान्यात जो तिचा गुण होता, तोच ब्लाउज शिवणाऱ्या बाईला अवगुण वाटतो.

शिलाई मशीनचा विषय वर्ध्याला तसा नवा नाही. 1924 साली दिल्लीत रामचंद्रन नावाच्या एका तरुणाने गांधीजींना विचारलं होतं की तुम्ही सगळ्याच यंत्रांच्या विरोधात आहात का. तेव्हा गांधीजींनी अपवाद म्हणून नाव घेतलं ते सिंगरच्या शिलाई मशीनचं. पत्नीचे शिवणाचे कष्ट वाचावेत म्हणून सिंगरने ती घडवली, असं त्यांचं म्हणणं. पुढे 1938 मध्ये गांधीजींच्या ‘हिंद स्वराज’च्या नव्या आवृत्तीला त्यांचे सचिव महादेवभाई देसाई यांनी वर्ध्यातून प्रस्तावना लिहिली, तिच्यात हा संवाद आला आहे. सिंगरची ही कथा इतिहासाला फारशी धरून नाही. इलियास होवेचं पेटंट 1846 चं, सिंगरचं 1851 चं, आणि त्या धंद्यात प्रेमापेक्षा कोर्टकचेऱ्याच जास्त झाल्या. पण रामचंद्रन यांनी लगेच टाकलेला पुढचा प्रश्न नेमका होता: ही मशीन बनवायला तर विजेवर चालणारा कारखाना लागेलच ना? गांधीजींनी ते मान्य केलं, फक्त असे कारखाने सरकारच्या ताब्यात असावेत म्हणाले. वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योग संघ होता तिथे आज महात्मा गांधी ग्रामीण औद्योगीकरण संस्था आहे, तिथल्या खादी-वस्त्र विभागात कापडाचं काम चालतं. त्याच गावातल्या एखाद्या गल्लीत कारखान्याची मोटर घरच्या शिलाईला जुळवून घेण्याची खटपट चालते, तेव्हा रामचंद्रन यांचा प्रश्न उलट दिशेने सुटत असतो.

आता टेबलाखाली वाकून बघू. मोटर दिसायला एक असली तरी आत दोन वेगळे भाग आहेत. मागच्या भागात वाइंडिंग आणि रोटर. रोटरच्या शाफ्टवर एक जड लोखंडी चकती बसवलेली असते, ते फ्लायव्हील. स्विच टाकला की हे फिरायला लागतं, मग तुम्ही शिवा की चहा प्या. पुढच्या भागात दुसरा छोटा शाफ्ट असतो. त्याच्या बाहेरच्या टोकाला पट्ट्याची पुली आणि आतल्या टोकाला क्लच प्लेट. हे दोन शाफ्ट एकमेकांना जोडलेले नसतात, समोरासमोर येऊन थांबतात.

क्लच प्लेटच्या दोन्ही बाजूंना बुचाचं किंवा गाडीच्या ब्रेकसारखं लायनिंग असतं. एक बाजू फ्लायव्हीलकडे तोंड करून, दुसरी ब्रेकच्या स्थिर कड्याकडे. पायडल दाबलं की दांडी लिव्हरला खाली ओढते आणि लिव्हर हा पुढचा शाफ्ट त्याच्या बाहीसकट, म्हणजे सरकत्या नळीसकट, आत सरकवतो. प्लेट फ्लायव्हीलला टेकते, पुली फिरते, मशीन चालते. पाय उचलला की स्प्रिंग सगळं मागे खेचते, प्लेट ब्रेकला टेकते आणि मशीन थांबते. हा सगळा खेळ मिलिमीटरभराच्या सरकण्यात होतो. सगळी तक्रार त्या मिलिमीटरमध्येच आहे: चालू आणि बंद यांच्यामध्ये पायाला खेळायला जागाच नसते.

मोटरसायकलवर गर्दीतून जाताना हाफ क्लच धरतो, तसं प्लेट फ्लायव्हीलला घट्ट न टेकवता घासती ठेवली की मशीन सावकाश चालते. जुन्या कारागिरांच्या पायात हे इतकं मुरलेलं असतं की ते एकेक टाका मोजून टाकतात. पण घासणं म्हणजे झीज आणि उष्णता. बाहीच्या वळणावर दोन सेकंद क्लच घासला तर काही बिघडत नाही. दिवसभर असाच घासत ठेवला तर लायनिंग जळतं आणि खोलीभर करपट वास सुटतो. शिवाय अर्ध्या क्लचवर सुईला जोर मिळत नाही. जीन्सच्या जाड जोडावर मशीन अडते, पाय आपोआप जास्त दाबला जातो आणि मशीन उसळते. पुली बदलून आणलेला सावकाशपणा निराळा: त्यात वेग उतरतो तेवढाच सुईचा जोर वाढतो. हा फरक ध्यानात राहिला, तर बाकीचं सगळं आपोआप समजतं.

कामाला लागण्याआधी एक गोष्ट. स्विच बंद केला की मोटर थांबत नाही. फ्लायव्हील जड असतं, आवाज हळूहळू उतरत ते बराच वेळ नुसत्या जोरावर फिरत राहतं. त्या वेळात पायडल दाबलं गेलं तर सुई खाली येतेच. सुईत दोरा ओवताना स्विच बंद केला म्हणून निर्धास्त राहिलेल्या कितीतरी जणांच्या बोटातून सुई आरपार गेली आहे. म्हणून आवाज पूर्ण थांबेपर्यंत पाय पायडलवरून खाली, आणि उघडायला बसताना प्लग भिंतीतून बाहेर. लाइट गेली तरी स्विच बंद करायचा, कारण लाइट परत येते तेव्हा आपण मशीनपाशी असूच असं नाही, पण मूल असू शकतं.

आधी बिघाड नेमका कुठे आहे ते बघावं. मोटर चालू करा, पाय पूर्ण उचला आणि मशीनच्या चाकाकडे पाहा. चाक आपलं आपण सरकत असेल तर क्लच पूर्ण सुटत नाही, किंवा ब्रेकचं लायनिंग संपलं आहे. चाक स्थिर आहे, पण पाय टेकवताच उसळतं, तर प्लेटचा पृष्ठभाग चकाकून काचेसारखा झाला असेल, त्यावर तेल गेलं असेल किंवा कापसाचा थर बसला असेल. पायडल बरंच खाली जाईपर्यंत काहीच होत नाही आणि मग एकदम सगळं होतं, तर फट वाढली आहे.

आपल्या जिल्ह्यात कापसाचा थर ही फार मोठी गोष्ट. हिंगणघाटच्या कापसाचं नाव एकोणिसाव्या शतकापासून व्यापारात आहे आणि आजही जिनिंगच्या हंगामात आसपासच्या घरांच्या जाळ्यांवर तंतू लटकलेले दिसतात. त्यात शिवताना कापडातून सुटणारी रुई आणि वरून मशीनच्या तेलाचे थेंब. हे तिन्ही मिळून क्लचच्या खोबणीत ओल्या नमद्यासारखा करडा पट्टा तयार होतो. मोटरच्या मागच्या जाळीवरही तोच थर बसून वारा कोंडतो. मे महिन्यात खोलीतच बेचाळीस अंश असताना वारा कोंडलेली मोटर किती तापेल, ते सांगायला नको. मोटरच्या अंगावर तळहात टेकवून ठेवता येत नसेल, तर आधी जाळी साफ करा.

साफसफाई अशी. प्लग काढला, फ्लायव्हील थांबलं, पट्टा चाकावरून उतरवला, दांडी लिव्हरमधून सोडवली. क्लचचं घर मोटरला तीन-चार बोल्टने बसवलेलं असतं. ते सोडण्याआधी घर आणि मोटर यांच्या सांध्यावर आडवी खूण खरवडून ठेवा, नाहीतर परत बसवताना लिव्हर भलत्याच कोनात येतो. घर सरळ बाहेर ओढलं की प्लेट हातात येते. आतली धूळ तोंडाने फुंकू नका. फार जुन्या मोटरच्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं आणि ते फुफ्फुसात गेलेलं बरं नाही. ओल्या फडक्याने पुसा, खोबणी ब्रशने साफ करा, फडकं फेकून द्या.

मग प्लेट बोटाने चाचपा. कोरडी, किंचित खरखरीत लागली तर ठीक. गुळगुळीत, काळपट, चमकणारी असेल तर सपाट काचेवर 120 नंबरचा पॉलिश पेपर ठेवून प्लेट त्यावर गोल-गोल हलक्या हाताने फिरवा. चमक गेली की थांबा, लायनिंग खाऊ नका. फ्लायव्हीलचा चेहराही स्पिरिटच्या फडक्याने पुसून घ्या. लायनिंग तेलात मुरलं असेल तर घासून उपयोग होत नाही, नवं लावावं लागतं. ते रिव्हेटचं असेल आणि रिव्हेटची डोकी वर दिसू लागली असतील तर आजच बदला, नाहीतर ती डोकी फ्लायव्हीलवर चर पाडतात आणि मग खर्च दुप्पट होतो.

काही मिस्त्री उसळी कमी व्हावी म्हणून बुचाच्या लायनिंगला जरासं मेण किंवा ग्रीस चोळतात. त्याने क्लच मऊ लागतो हे खरं आहे. पण जास्त झालं तर तो घसरतच राहतो, आणि ते ग्रीस धूळ धरतं. मला हा उपाय उसनवारीचा वाटतो. फट आणि दांडी नीट केल्यावर त्याची गरज सहसा उरत नाही. तेलाचा डबा मात्र मोटरपासून लांबच ठेवा. आतली बेअरिंगं बहुतेक वेळा दोन्ही बाजूंनी बंद असतात, त्यांचं ग्रीस कारखान्यातून भरून येतं. वरून घातलेलं तेल बेअरिंगमध्ये जात नाही, ते जातं थेट लायनिंगवर. बेअरिंग किरकिरत असेल तर त्याच्या कडेला कोरलेला नंबर बघून तसंच नवं आणावं. ग्रीस लागतं ते फक्त सरकणाऱ्या बाहीला, आणि तेही बोटाच्या टोकावर मावेल एवढंच.

परत बसवताना फट लावायची. लिव्हरच्या बाजूला लॉकनट असलेला एक स्क्रू असतो. मेकप्रमाणे त्याची जागा बदलते, पण काम तेच. लॉकनट सैल करा, मोटर चालू करा, पाय पायडलवरून खाली ठेवून स्क्रू थोडा-थोडा आवळा. एका क्षणी मशीनचं चाक अगदी आळसावून सरकायला लागेल. तिथून पाव ते अर्धा फेरा उलट, चाक थांबलं की लॉकनट पक्का. आता क्लच आणि ब्रेक यांच्यातली जागा कमीत कमी आहे आणि पाय हलल्याबरोबर काहीतरी घडतं. लिव्हर मागे खेचणारी स्प्रिंगही याच वेळी बघून घ्या. फार ताणलेली असेल तर पाय दुखतो, फार सैल असेल तर क्लच पूर्ण सुटत नाही.

इथपर्यंत फारसं काही विकत आणावं लागलं नाही. यापुढचा उपायही जवळजवळ फुकट आहे, आणि का कोण जाणे, सगळ्यात कमी लोक तो करतात: दांडीची जागा बदलणं. मोटरच्या लिव्हरला दोन-तीन भोकं असतात. दांडी बहुधा मोटरच्या जवळच्या भोकात असते, कारण कारखान्यात पाय कमी हलावा असं वाटतं. तीच दांडी टोकाच्या भोकात लावली की तेवढ्याच क्लचसाठी पायाला जास्त हालचाल करावी लागते. त्याने भागलं नाही तर लिव्हरला पट्टीची जोड द्यावी, तीही हातभर लागत नाही. बिजागरीपासून दांडीपर्यंत 8 सेंटिमीटर असतील आणि पट्टी बोल्ट करून ते 16 केले, तर पायाचा प्रवास दुप्पट होतो आणि लागणारा जोर निम्मा. म्हणजे मघाच्या त्या मिलिमीटरला पायाखाली दुप्पट जागा मिळाली. पट्टी जाड हवी, वाकणारी नको, आणि दांडी वरून खाली सरळ यायला हवी. तिरकी झाली तर ती लिव्हरला बाजूला ओढते. पायडलचा पुढचा भाग जमिनीला टेकायच्या आत क्लच पूर्ण लागतो की नाही, हेही बघा. कुठल्याही वेल्डिंगच्या दुकानात अशी पट्टी भोकं पाडून मिळते.

आता पुली. इथे थोडा हिशेब आहे, पण पाढे येणाऱ्याला जमेल असाच.

आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची. मोटर चार पोलची असेल तर तिच्या आतलं चुंबकीय क्षेत्र मिनिटाला 1500 फेरे घेतं, रोटर त्याच्या थोडा मागे राहून सुमारे 1440 फेरे देतो. दोन पोलची असेल तर 3000 आणि सुमारे 2880. मोटरच्या नेमप्लेटवर यातला एक आकडा असतो. तेल पुसून वाचा, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं. मशीनच्या चाकाचा एक फेरा म्हणजे एक टाका. म्हणून मोटरचे फेरे गुणिले मोटरच्या पुलीचा व्यास, भागिले मशीनच्या चाकावरच्या पुलीचा व्यास, की मिनिटाचे टाके आले.

समजा मोटर 2880 ची, तिची पुली 100 मिलिमीटरची आणि मशीनची 72 ची. टाके झाले मिनिटाला 4000. एक टाका अडीच मिलिमीटरचा धरला तर सेकंदाला साडेसोळा सेंटिमीटर कापड सुईखालून जातं. वीतभर म्हणा ना. गळ्याला पट्टी लावणाऱ्या बाईने हे कसं आवरावं? आता तीच पुली 50 मिलिमीटरची केली तर टाके 2000. मोटर 1440 ची असेल तर 100 च्या पुलीवर 2000 आणि 50 च्या पुलीवर 1000. हे सगळे आकडे पायडल पूर्ण दाबल्यावरचे आहेत. कमाल वेग 4000 वरून 1000 वर आला की अर्ध्या क्लचवर मिळणारा वेगही त्याच प्रमाणात उतरतो, आणि सुईचा जोर वाढलेला असतो.

त्यामुळे सेकंडहँड मशीन घ्यायला जाताना मशीनच्या रंगाआधी मोटरची नेमप्लेट वाचावी. दोन सारख्या मशिनींतली एक 1440 ची असेल तर डोळे मिटून ती घ्या. घरगुती शिलाईला 2880 चा काहीच उपयोग नाही, फक्त आवाज जास्त.

पुली काढताना हातोडा वापरू नये. नट सोडायचा, तो उलट्या आट्याचाही असू शकतो, म्हणून हिसडे देण्याआधी आटे बघा. मग पुलरने पुली ओढून काढायची. ठोकून काढली तर तो मार थेट बेअरिंगला आणि क्लच प्लेटला बसतो. फार लहान पुलीच्याही मागे लागू नका. 45-50 मिलिमीटरच्या खाली व्ही-पट्टा नीट वाकत नाही, पुलीला कमी टेकतो आणि घसरतो. पुली 100 वरून 50 वर आणली की पट्टा साधारण 8 सेंटिमीटर, म्हणजे तीन इंचांनी लांब पडतो. मशीनच्या पट्ट्यावर ‘एम-41’ असं काही लिहिलेलं असतं, त्यातला आकडा इंचांचा. म्हणजे आता ‘एम-38’ मागायचा. थोडाफार फरक मोटर खाली-वर करून भरून निघतो. पट्टा बसवल्यावर मधोमध बोटाने साधारण किलोभर जोर दिला की दीड सेंटिमीटर दबला पाहिजे. त्याहून ताठ असेल तर बेअरिंगं मरतात, सैल असेल तर पट्टा किंचाळतो. शेवटी पट्ट्याचं कव्हर परत लावायचंच. साडीचा पदर किंवा ओढणी त्या पट्ट्यात गेली तर क्लच सोडायलाही वेळ मिळत नाही.

मोटर काढून परत बसवली किंवा रिवाइंड करून आणली, तर पहिल्यांदा दिशा तपासा. चाकाचा वरचा भाग शिवणाऱ्याच्या दिशेने फिरला पाहिजे. उलटा फिरला तर दोऱ्याचा शटलमध्ये गुंता होतो आणि लोक उगाच टेन्शन पिळत बसतात.

जाड कामाला एवढं पुरत नाही. कापसाच्या ट्रॉलीवरची ताडपत्री, सीट कव्हरचं रेक्झिन, पोत्याच्या पिशव्या, चामडं. वर्ध्याजवळच्या नालवाडीला 1930 च्या दशकात गांधी-विनोबांच्या प्रेरणेने चर्मालय निघालं तेव्हापासून वर्ध्याला चामड्याच्या कामाचीही ओळख आहे. अशा कामाला वेग अगदी कमी आणि जोर भरपूर लागतो. तिथे मोटर आणि मशीन यांच्यामध्ये आणखी एक शाफ्ट टाकतात, त्यावर एक मोठी आणि एक लहान पुली. मोटरची 50 ची पुली मधल्या 150 च्या पुलीला फिरवते, म्हणजे 1440 चे झाले 480. मधल्या शाफ्टवरची 50 ची पुली मशीनच्या 72 ला फिरवते, म्हणजे मिनिटाला 333 टाके. जोर थेट जोडणीच्या जवळजवळ तिप्पट. लेथवाला हा जोड बनवून देतो. शाफ्ट सरळ आणि दोन्ही पट्ट्यांच्या पुल्या एका रेषेत हव्यात, एवढं त्याला बजावून सांगा.

आणि एक शॉर्टकट, जो करू नये: मोटरला पंख्याचा रेग्युलेटर लावणं. कुणीतरी सुचवतंच. या मोटरचा वेग विजेच्या हर्ट्झवर बांधलेला आहे, व्होल्टवर नाही. व्होल्टेज कमी केलं की वेग फारसा उतरत नाही, उतरतो तो जोर, आणि तोही वर्गाने: निम्मं व्होल्टेज म्हणजे चौथाई जोर. मोटर गुणगुणते, तापते आणि शेवटी वाइंडिंगचा वास येतो. उन्हाळ्यात संध्याकाळी खेड्यांत व्होल्टेज पडतं तेव्हा हेच आपोआप घडतं. अशा वेळी मोटर नुसती ‘हुं’ करून फिरत नसेल तर लगेच बंद करा. व्होल्टेज ठीक असतानाही ‘हुं’ करत असेल तर कंडेन्सर गेला असण्याची शक्यता जास्त. तो बदलणं सोपं आहे, पण प्लग काढल्यावरही त्यात चार्ज राहू शकतो, म्हणून ते काम वाइंडरकडेच द्यावं. वेग बदलणारे ड्राइव्ह मिळतात, ते तीन फेजच्या मोटरसाठी. घरच्या एक फेजच्या मोटरला त्यांचा उपयोग नाही.

मग सर्व्हो कधी? दिवसभर अल्टरेशनचं काम, दर दोन मिनिटांनी थांबणं, नवख्या मुलींचा शिवणवर्ग, किंवा खोलीत लहान बाळ झोपलेलं, अशा ठिकाणी सर्व्होला पर्याय नाही. ती पाय दाबला तरच फिरते आणि वीज तेव्हाच खाते. कमाल वेग बटणाने ठरवता येतो. क्लच मोटर मात्र कापड कापत बसलात तरी मीटर फिरवत राहते. म्हणून पाच-दहा मिनिटांहून जास्त उठायचं असेल तर ती बंद करावी, पण दर मिनिटाला बंद-चालूही करू नये, प्रत्येक सुरुवातीला वाइंडिंगला मोठा झटका बसतो. ज्यांच्याकडे मोटर आहे आणि ती नीट चालते, त्यांनी मात्र आधी पुली बदलून बघावी. सर्व्होचे पैसे वाचले तर त्यात ओव्हरलॉकच्या सेकंडहँड मशीनचा थोडा हिस्सा निघतो, आणि ब्लाउजच्या धंद्यात ओव्हरलॉक जास्त कमाई करून देते.

राहिला पाय. चप्पल काढून बसावं, दोन्ही पाय पायडलवर, एक पुढे आणि एक मागे. पुढच्या पायाच्या बोटांनी दाबायचं, मागच्या टाचेने ब्रेक लावायचा. नवशिके पाय नुसता उचलतात, टाच दाबत नाहीत, म्हणून मशीन दोन टाके पुढे जाते. सुईतला दोरा काढून टाकावा आणि जुन्या वहीच्या रेघी कागदावर शिवत सुटावं, रेघेवर भोकं पडली पाहिजेत. सरळ रेघ जमली की कोपरे, मग वाटी ठेवून काढलेले गोल. कागदाने सुई बोथट होते, म्हणून सरावाची सुई वेगळी ठेवावी. कोपऱ्यावरचे शेवटचे दोन-तीन टाके हाताने चाक फिरवून घालायला अनुभवी कारागीरही लाजत नाहीत.

सगळं जुळलं की टेबलाच्या खालच्या अंगाला खडूने लिहून ठेवा: मोटर 1440, पुली 50, पट्टा एम-38, लायनिंग बदललं तो महिना. पुढच्या वेळी पट्टा तुटेल तो नेमका लग्नसराईत तुटेल, आणि दुकानात कुणालाही पाठवलं तरी त्याला हेच सांगायचं असतं.